फोमपर्यंत न गेलेलं पातं

त्या माणसाला बांधायला कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी वापरली होती. सोसायटीच्या फाटकाच्या उजव्या खांबाला त्याचे हात मागून बांधले होते. मी पोचले तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मारणं सुरू होऊन अर्धा तास झाला होता. मारणारे सहा-सात जण होते. एकाच्या हातात क्रिकेटचा स्टंप होता, दुसऱ्याच्या हातात पट्टा, बाकीचे हातांनी आणि चपलांनी मारत होते. एक निवृत्त शिक्षक मोबाइलवर चित्रण करत होते आणि अधूनमधून "तोंडावर नको, तोंडावर नको" असं सांगत होते. पहिल्या मजल्यावरच्या एक बाई स्टीलच्या जगमधून पाणी घेऊन खाली आल्या. ते पाणी मारणाऱ्यांसाठी होतं.

तो सोसायटीचा वॉचमन होता. पेठ तालुक्यातल्या डोंगराकडचा, पन्नाशी गाठलेला, अंगानं वाळका. आदल्या दिवशी संध्याकाळी फाटक उघडायला उशीर केला म्हणून सेक्रेटरींनी त्याला सगळ्यांसमोर बोल लावले होते आणि त्यानं उलट उत्तर दिलं होतं. सकाळी पार्किंगमधल्या एकोणीस दुचाकींच्या सीटा कापलेल्या सापडल्या. पार्किंगच्या बाजूला कॅमेरा नव्हता. वॉचमनच्या खोलीत बागेतलं गवत कापायचा विळा मिळाला. चौकशी तेवढ्यावर संपली होती.

मी तेव्हा नाशिकच्या एका दैनिकात गुन्हे पाहत असे. अशा वेळी काय करायचं हे ठरलेलं असतं. बाजूला उभं राहायचं, गाड्या मोजायच्या, पोलिस किती वाजता आले ते लिहायचं. मी तेच केलं. मधे पडले नाही. पार्किंगमध्ये जाऊन एकेक सीट पाहिली आणि वहीत 'धारदार शस्त्राने' असं लिहिलं. सीटांवरचे काप सरळ होते. याहून जास्त मी पाहिलं नाही, आणि ज्या घरात मी वाढले त्या घरातल्या माणसाला ते दिसायला हवं होतं.

मी पार्किंगमध्ये असतानाच बाहेरच्या रस्त्यावरून भोंगा ऐकू आला. "सीट कव्हर, फाटलेली सीट, दबलेला फोम, घरपोच दुरुस्त करून मिळेल." आवाज माझ्या काकांचा होता. वडिलांपासून वेगळे झाल्यापासून ते एका जुन्या व्हॅनमध्ये मशीन टाकून शहरभर फिरत असत. व्हॅन फाटकापाशी थांबली. काकांनी खिडकीतून बांधलेल्या माणसाकडे पाहिलं, मग सेक्रेटरींकडे.

"साहेब, काही काम?"

"बघा, गिधाडांना कसा वास लागतो," पट्टावाला म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

सेक्रेटरींनी हात झटकला. "फिरत्या माणसाला नाही द्यायचं. पेठ रोडला मास्टर आहेत, त्यांच्याकडे पाठवू. काम चोख असतं."

पेठ रोडचे मास्टर म्हणजे माझे वडील. हे सेक्रेटरींना माहीत नव्हतं, काकांना होतं. काकांनी गिअर टाकला आणि भोंगा चालू न करताच ते निघून गेले. मी पार्किंगच्या खांबाआड होते. त्यांनी मला पाहिलं नाही.

पोलिस पावणेआठला आले. तोवर वॉचमन "हो" म्हणाला होता. स्टंपवाल्यानं शेवटचं विचारलं, "तूच ना?" आणि तो म्हणाला, "हो." त्यानंतर कोणी मारलं नाही. माझी बातमी दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर दोन कॉलम आली. त्यात 'नागरिकांनी चोप दिला' असं होतं आणि 'चौकीदाराने गुन्ह्याची कबुली दिली' असंही. सोबत खांबाला बांधलेल्या माणसाचं छायाचित्र होतं. दोन्ही वाक्यं खरी होती. ती त्या क्रमानं छापली की काय होतं, ते मला नंतर कळलं.

वडिलांचं दुकान दहा बाय अठराचं. मागे शिलाईची दोन मशीनं, त्यातलं एक सात वर्षांपासून झाकलेलं. भिंतीला रेक्झिनचे रोल उभे, वर माळ्यावर फोमचे तक्ते, आणि एका बाजूला खिळ्यांची रांग. त्या खिळ्यांवर जुनी कव्हरं टांगलेली असत. सीटमेकर जुनं कव्हर फेकत नाही. ते उसवायचं, उलटं करायचं, नव्या रेक्झिनवर ठेवून खडूनं आखायचं आणि त्याच्या मापानं कापायचं. नवं कव्हर चढून गिऱ्हाईक गाडीवर बसून जाईपर्यंत जुनं खिळ्यावर राहतं.

सीट उघडणं हे ताकदीचं काम आहे. सीट पालथी घालून दोन गुडघ्यांत धरायची, स्क्रू-ड्रायव्हरनं पिना उचकटायच्या, पकडीनं ओढायच्या. वडील ते काम रागात असल्यासारखं करत. लहानपणी मला वाटे की ते सीटवरच चिडलेत. ते घोटीकडच्या भातशेतीच्या घरातले. दोघं भाऊ एकाच वर्षी नाशिकला आले आणि एकाच उस्तादाकडे शिकले. दोघांच्या सुऱ्या एकाच पद्धतीच्या होत्या. लोखंड कापायच्या करवतीचं पातं घ्यायचं, दात घासून काढायचे, धार लावायची आणि मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळायची.

बातमी आली त्याच दिवशी अकराच्या सुमाराला टेम्पोतून एकोणीस सीटा आल्या. सेक्रेटरी मोटारसायकल घेऊन मागे आले. माझी सुट्टी होती, मी दुकानात होते.

"मास्टर, उद्या संध्याकाळपर्यंत पाहिजेत. लोक गोणपाट टाकून ऑफिसला जातायत."

"बघतो," वडील म्हणाले.

"वॉचमनचं ऐकलं ना? आम्ही त्यालाच आधी उसवून काढला." सेक्रेटरी स्वतःच हसले. "विळ्यानं कापत होता साला."

वडिलांनी पहिली सीट गुडघ्यांत धरली, पिना काढल्या, कव्हर ओढलं. मग थांबले. उघड्या फोमवर त्यांनी तळवा ठेवला आणि मागून पुढे फिरवला. दुसरी सीट घेतली. तिसरी घेतली. सेक्रेटरी चहा न घेताच गेले. वडिलांनी पाच सीटा उघडल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "फोम बघ."

मी पाहिला. फोमला काही झालेलं नव्हतं.

"विळ्यानं फोमची चटणी होती," ते म्हणाले. "चाकूनं होती. कशानं बी होती. चिडलेला माणूस मधोमध खुपसतो आन् ओढतो. मी आजवर फाडलेल्या सीटा कमी नाय पाह्यल्या. फोम दुभंगलेला असतो. हितं रेक्झिन कापलंय आन् फोमला ओरखडा नाय. एकाला बी नाय."

मग त्यांनी एक कव्हर उजेडात धरलं. काप शिलाईपासून बोटभर आत, शिलाईला समांतर गेला होता. कडेची गोट शाबूत होती. जिथे शिलाई आडवी येते तिथे पातं उचललं होतं आणि पलीकडे पुन्हा टेकवलं होतं. कव्हर निकामी झालं होतं, पण माप घ्यायला ते नव्यासारखं होतं. फोम फाटला की तो कापून काढावा लागतो, तिथे दुसरा तुकडा सोल्युशननं चिकटवून वाळवावा लागतो, मग करवतीच्या पात्यानं घासून आकार द्यावा लागतो. त्यात दिवस जातो. नुसतं कव्हर असेल तर रस्त्याच्या कडेला, व्हॅनच्या मागच्या दारात, तासाभरात होतं. ज्यानं हे केलं होतं त्यानं नुकसान करतानासुद्धा दुरुस्ती सोपी ठेवली होती. दुसरा कोणी असं करणार नाही. ज्याला सकाळी तीच सीट शिवायची आहे त्याचाच हात असा चालतो.

"अण्णा, धंद्यातला कोणी?" मी विचारलं.

त्यांनी कापाच्या शेवटाकडे बोट नेलं. प्रत्येक काप संपताना आत वळला होता, गळाच्या टोकासारखा. पाचही कव्हरांवर तेच वळण, त्याच बाजूला. "डावा हात," ते म्हणाले. "आन् अंगठ्याशेजारचं बोट वाकत नाय. वळताना सुरी निसटती."

मग त्यांनी उरलेल्या चौदा सीटा एकामागून एक उघडल्या. मला विचारायची गरज नव्हती, ते बोट कसं वाकायचं थांबलं हे मी पाहिलं होतं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शाळेच्या बसची सीट होती. काकांनी माप उलटं धरून अख्खा रोल कापला. वडील हातोडीनं पत्र्याचा बेस ठोकत होते. काकांचा डावा हात कापायच्या फळीवर पसरलेला होता. वडिलांनी हातोडी उचलली आणि त्या हातावर मारली. एकदाच. आवाज फळीचा आला, त्यामुळे दोन क्षण मला वाटलं की चुकली. काका ओरडले नाहीत. त्यांनी हात पोटाशी धरला आणि खाली बसले. त्यानंतर आमच्या घरात या घटनेला 'काकांच्या हाताला लागलं होतं' असं म्हणत. दवाखान्यातही तसंच सांगितलं, काकांनीही तसंच सांगितलं. पोलिसांत कोणी गेलं नाही. पुढे पत्रकारितेत मी 'किरकोळ वाद', 'धक्काबुक्की', 'चोप' हे शब्द हजारदा लिहिले. ते मला कोणाला शिकवावे लागले नाहीत.

दुपारी मी सिव्हिल हॉस्पिटलला गेले. वॉचमनची प्लीहा काढली होती. तीन बरगड्या मोडल्या होत्या, उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. एका पायात बेडी होती, बेडी खाटेला होती, आणि शेजारी स्टुलावर एक हवालदार मोबाइल बघत बसला होता. वॉचमनची बायको जमिनीवर बसली होती. ती पेठहून सकाळच्या एसटीनं आली होती. तिच्याजवळ माझी बातमी होती. कोणीतरी कापून दिली होती. तिला वाचता येत नव्हतं. फोटो होता म्हणून तिनं ती घडी घालून ठेवली होती.

मी कोण ते सांगितलं. त्यानं चांगला कान माझ्याकडे वळवला.

"मी नाय केला," तो म्हणाला.

"मग हो का म्हणालात?"

"हो म्हनलो, मंग थांबले."

हवालदार मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "मॅडम, जास्त बोलवू नका. उद्या जबाब आहे त्याचा. कबुली तर पेपरातच आलीय."

डॉक्टरांनी सांगितलं की पुढचे चार दिवस काही सांगता येत नाही. गेला तर मारणाऱ्यांवर गुन्हा दाखल करावा लागेल, पण त्यांची नावं कोणी दिलेली नव्हती. जगला तर हा जेलमध्ये जाणार होता. दोन्हीपैकी काहीही झालं तरी त्याच्या नावापुढे 'कबुली' राहणार होती. ती खोटी आहे हे सिद्ध करणारी एकोणीस कव्हरं पेठ रोडच्या दुकानात खिळ्यांवर होती.

मी परत आले तेव्हा वडिलांनी अकरा सीटांचं माप घेऊन ठेवलं होतं. एकही कव्हर चढवलेलं नव्हतं. मी वॉचमनचं सगळं सांगितलं. ते ऐकत असताना पात्याला धार लावत होते. मग म्हणाले, "गाडी काढ. त्याला भेटून यू."

काकांची व्हॅन पाथर्डी फाट्याजवळ एका कडुनिंबाखाली उभी असे. मागचं दार उघडं होतं. काका एका रिक्षाची मागची सीट शिवत होते. आम्हाला पाहून त्यांनी मशीन थांबवलं.

"ये भाऊ. आज वाट चुकलास?" मग मला म्हणाले, "पत्रकारबाई, आमची बी छापा की एखादी जाहिरात. का फक्त मुडदेच छापता?"

वडिलांनी पिशवीतून एक कव्हर काढून मशीनवर टाकलं. काकांनी ते उचललं, उलटं केलं, शिलाईवरून नख फिरवलं.

"सफाईचं काम हाय," ते म्हणाले.

"किती कापल्या?"

"मोजल्या असतील ना तू."

"माणूस मरायला टेकलाय."

"मी मारलं त्याला?" काकांचा आवाज चढला. "मी फोमला बी हात लावला नाय. तासाभराचं काम होतं सगळ्यांचं. मला वाटलं शिव्या देतील, सीटा शिवून घेतील. माणूस फाडतील हे मला काय ठाव? आन् आलो तेव्हा ते बांधून बसलेले. काय सांगू त्यांना? त्याला सोडा, मला बांधा?"

"आता जा. स्वतःहून जा."

"तू गेलतास स्वतःहून?" काकांनी डावा हात वर केला. तीन बोटं मिटली, अंगठ्याशेजारचं ताठ राहिलं. "जा ना. सांग जाऊन. पण वळख कशी पटली, ते बी सांग. बोट कशानं ताठ झालं, ते बी सांग साहेबाला. सांगशील?"

वडिलांनी त्यांना कानाखाली मारली. काका मशीनवर आपटले, मशीन कलंडलं. वडिलांनी दुसरी मारली. तिसरीला हात उचलला तेव्हा काकांच्या हातात सुरी होती. एकच फटका. वडिलांची उजवी बाही कोपरापासून मनगटापर्यंत उघडली. आधी कापड दिसलं, मग पांढरं, मग लाल. या वेळी पातं आतपर्यंत गेलं होतं. रिक्षावाला पळून गेला. काकांनी सुरीकडे पाहिलं, ती खाली टाकली आणि रिक्षाच्या सीटसाठी कापलेला रेक्झिनचा पट्टा उचलून वडिलांच्या दंडाला करकचून बांधला. पट्टा बांधताना काकांचं ते बोट बाहेर राहत होतं.

सतरा टाके पडले. दवाखान्यात वडिलांनी सांगितलं, "सुरी निसटली. लागलं." डॉक्टरांनी तेच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरींचे तीन फोन आले. वडिलांनी एकही उचलला नाही. त्यांनी डाव्या हातानं खिळ्यांवरची एकोणीस कव्हरं उतरवली, गोणीत भरली, वर फोमचे चार तुकडे आणि रेक्झिनचं एक भेंडोळं टाकलं, आणि मला पोलिस ठाण्यात न्यायला सांगितलं. "सेक्रेटरीला काय सांगायचं?" मी विचारलं. "गोणपाटावर बसा म्हनावं," ते म्हणाले.

ठाण्यातले अधिकारी चाळिशीचे होते. ते मला ओळखत होते. त्यांच्या खुर्चीची सीट एका कोपऱ्यात फाटली होती आणि आतला पिवळा फोम त्यांच्या पँटला लागत होता. वडिलांनी आधी तेच पाहिलं.

"काय आणलंत गोणीत?"

वडिलांनी फोमचा तुकडा टेबलावर ठेवला, त्यावर रेक्झिन ताणून धरायला मला सांगितलं आणि आपली सुरी मुठीकडून पुढे केली. "साहेब, मारा. फक्त वरचं कापा. फोमला लागू देऊ नका."

"मॅडम, हे काय आहे?"

"दोन मिनिटं, सर," मी म्हणाले.

अधिकाऱ्यांनी सुरी चालवली. पातं दोन इंच फोममध्ये गेलं. त्यांनी पुन्हा हलक्या हातानं चालवली. रेक्झिन अर्धवट कापलं आणि फोमला चीर पडली. एव्हाना दोन शिपाई जमले होते. एकानं "मी बघतो सर, मी रोज कांदा चिरतो" म्हणून सुरी घेतली आणि टेबलाच्या सनमायकापर्यंत नेली. सगळे हसले. जप्त केलेला विळाही आणला. विळ्यानं रेक्झिन ओढलं गेलं आणि फोमचे गोळे बाहेर आले.

मग वडिलांनी सुरी डाव्या हातात घेतली. तो त्यांचा कामाचा हात नव्हता, उजवा गळ्यात बांधला होता. एक काप दिला. मी रेक्झिन उलटलं. फोमवर रेघसुद्धा नव्हती.

हसणं थांबलं. वडिलांनी गोणी उलटी केली आणि एकोणीस कव्हरं टेबलावर पसरली.

"वॉचमनला हे जमणार नाय," ते म्हणाले. "वीस वर्षं लागतात."

अधिकाऱ्यांनी दोन-तीन कव्हरं उलटून पाहिली. मग म्हणाले, "तुम्हाला जमतं. मग तुम्हीच केलं असं धरू का?"

मी वडिलांकडे पाहिलं. ते हो म्हणतील असं मला एक क्षण वाटलं. ते सोपं होतं. दोन भावांपैकी कोणालाही त्यातून काही सांगावं लागलं नसतं. त्यांनी एका कापाचं टोक अधिकाऱ्यांकडे वळवलं.

"हे वळण बघा. सगळ्यांना हाय. हे डाव्या हाताच्या माणसाचं हाय, अन् त्याचं हे बोट वाकत नाय." त्यांनी आपलं बोट टेबलावर ठेवलं. "माझा भाऊ हाय. बोट मी मोडलंय. हातोडीनं. सात वर्षं झाली. ते बी लिहून घ्या."

"ते कशाला?" अधिकारी म्हणाले. "त्याची तक्रार नाही कोणाची."

"नायतर वळखलं कसं, ते कळायचं नाय कोणाला."

हाताच्या पट्टीकडे बघून अधिकाऱ्यांनी विचारलं, "आणि हे?"

"ते लागलं," वडील म्हणाले.

काकांना दुपारी फाट्यावरून आणलं. ते पळाले नव्हते. व्हॅनमध्ये रिक्षाची सीट पूर्ण करत होते. त्यांनी लगेच सगळं सांगितलं: मागच्या भिंतीवरून आलो, पहाटे, अर्धा तास लागला. संध्याकाळी पाच वाजता पोलिस त्यांना जागेच्या पंचनाम्यासाठी सोसायटीत घेऊन गेले. मी बातमीसाठी गेले. वडील माझ्यामागे गाडीवर बसले. मी नको म्हटलं नाही.

पार्किंगमध्ये पन्नासेक लोक होते. पोलिस चार. पंचनाम्याची दुसरी ओळ लिहिली जात असताना पट्टावाला पुढे आला. स्टंपवाल्याच्या हातात पुन्हा स्टंप होता. पहिला फटका काकांच्या डोक्यावर बसला, ते खाली पडले, आणि मग लोक एकदम आले. पोलिसांना बाहेर ढकललं गेलं. "आमच्या गरीब वॉचमनला मार खायला लावला साल्यानं," असं कोणीतरी ओरडत होतं. मी ते वाक्य वहीत लिहिलं. शिक्षकांचा मोबाइल वर होता.

वडील माझ्या शेजारी होते. मग नव्हते. ते काकांच्या अंगावर पालथे पडले होते, सीट गुडघ्यांत धरतात तसे दोन्ही बाजूंनी पाय टाकून. त्यांच्या पाठीवर स्टंप बसत होता. सेक्रेटरी ओरडत होते, "अहो मास्टर, तुम्ही बाजूला व्हा! तुमच्याशी काही नाही आमचं!" वडील बाजूला झाले नाहीत. स्टंप मोडला. मारणाऱ्यानं मोडलेल्या तुकड्याकडे पाहिलं आणि ते पाहण्यात जो वेळ गेला त्यात पोलिस आत शिरले. हाताचे सतराच्या सतरा टाके उसवले होते. काका त्यांच्याखाली रडत होते आणि "ऊठ भाऊ, ऊठ, हात बघ तुझा" म्हणत होते.

बातमीत मी लिहिलं, 'जमावाने आरोपीला मारहाण केली.' डेस्कनं ते बदलून 'धक्काबुक्की' केलं. वॉचमनचा निर्दोषपणा चार ओळींत आला, सातव्या पानावर: सीट कापल्याप्रकरणी खरा आरोपी अटकेत, चौकीदाराचा संबंध नसल्याचं स्पष्ट. आरोपी आणि साक्षीदार माझे कोण लागतात हे मी संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, नाव नाही ना टाकलं, मग चालेल. दोन्ही मारहाणींत अज्ञात इसमांवर गुन्हा नोंदला गेला. शिक्षकांच्या मोबाइलमध्ये तोवर काही उरलं नव्हतं.

वॉचमन जगला. पाचव्या दिवशी हवालदारानं त्याच्या पायातली बेडी काढली तेव्हा मी तिथे होते. किल्ली लागत नव्हती, हवालदारानं दोनदा शिवी दिली, मग कुलूप उघडलं. घोट्याभोवती काळा वळ पडला होता. बायकोनं तो पदरानं पुसून पाहिला.

"ज्यानं केला तो सापडला," मी सांगितलं.

"त्यालाबी मारला?" तिनं विचारलं.

"हो."

"कोनी?"

"त्यांनीच."

तिनं मान हलवली. मग जुनं कात्रण काढून माझ्यापुढे धरलं आणि नवं कुठे आहे ते विचारलं. मी पिशवीतून अंक काढला, सातवं पान उघडलं. फोटो नाही हे पाहून तिला ते पटलं नाही. मग तिच्या नवऱ्यानं मला वाचून दाखवायला सांगितलं आणि चांगला कान वळवला. मी त्या चार ओळी वाचल्या. त्यानं पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचल्या.

"येवढाच?" तो म्हणाला.

"एवढंच."

"मी हो का म्हनलो, ते लिवलं का त्याच्यात?"

"नाही," मी म्हणाले.

त्यानं हात पुढे केला. मी त्याला अंक दिला. त्यानं तो बायकोकडे दिला, तिनं सातवं पान वेगळं केलं आणि त्याच्या मोकळ्या पायाखाली, जिथे चादरीला रक्ताचा डाग होता तिथे, दुहेरी घडी घालून पसरलं.